कुस्तीसाठी घेतलेला कॅमेरा

मी मोजणी कचेरीत नोकरीला होतो. शेतात साखळी टाकायची, हद्दीचे दगड तपासायचे आणि नकाशावर रेघ ओढायची, हे माझं काम. न मोजलेली हद्द मी कधी कोणाला सांगितली नाही. लोक म्हणत, "साहेब, अंदाजानं तरी सांगा." पण अंदाजानं सांगितलेल्या हद्दीवरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले मी पाहिले होते. या सवयीमुळे घरात मात्र एकदा मोठा अबोला झाला, आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरला नसताना, मी कुस्तीचे फोटो काढायला कॅमेरा शोधत हिंडू लागलो.

माझी सासुरवाडी अकोल्याची. जुन्या शहराच्या कडेला मोर्णेकाठी सासऱ्यांचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू पिकवायचे आणि पहाटे बाजारात न्यायचे. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा साळा, तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दिवसा मळ्याला पाणी द्यायचा आणि सकाळ-संध्याकाळ आखाड्यात घालवायचा. अमरावतीच्या दंगलीत त्याची कुस्ती आमच्या अमरावतीच्याच एका पहिलवानाशी लागली आणि पंचांनी साळ्याला चीत दिलं. साळ्याचं म्हणणं, उजवा खांदा टेकला, डावा टेकलाच नाही.

पंचांचा निकाल फिरत नाही, हे त्यालाही कळत होतं. अडचण पुढेच होती. त्याच्या आखाड्याचा एक रिवाज होता. हरून आलेल्यानं सगळ्यांसमोर हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि "लागली" एवढा एकच शब्द म्हणायचा. म्हणजे पाठ लागली, हार कबूल. तो शब्द म्हटल्याशिवाय वस्ताद त्याला पुन्हा मातीत उतरू देत नसत. साळ्यानं माती उचलली नाही.

"जे झालंच नाही ते काहून म्हनू?"

"नको म्हनू," वस्ताद म्हणाले. "वरच बस."

तो वर्षभर वर बसला. हौद्याच्या कठड्यावर बसून दुसऱ्यांच्या कुस्त्या बघायचा. माती खोदून द्यायचा, तिच्यात तेल-ताक घालायचा, पण तिच्यात उतरायचं नाही. जोडीदार नाही, सराव नाही. सव्विसाव्या वर्षी पहिलवानाचं एक वर्ष गेलं तर किती गेलं, ते त्याच्या मांड्यांकडे बघून कळत होतं.

मी त्या दंगलीला हजर होतो. साळ्यानं मला मध्ये घातलं. "भाऊजी, तुमी तं होते ना. सांगा वस्तादले."

मी त्याच्या उजव्या अंगाला बसलो होतो. डावा खांदा माझ्या पलीकडे होता. "मला दिसलं नाही," मी म्हणालो.

त्यावरून बायको बोलायची थांबली, आणि बोलायला लागली तेव्हा आणखी वाईट. "नाही टेकला म्हनून सांगतलं असतं तं जीभ झिजली असती का तुमची?"

"टेकला असं तरी मी कुठं म्हणालो?"

"तेच तं! हे बी नाही, ते बी नाही. लोकायचे धुरे मोजता, न घरच्या मानसाच्या टायमाले डोये मिटता."

वर्ष सरत आलं तेव्हा वस्तादांनी एक वाट काढली. दिवाळीनंतर अकोल्याला दंगल होती. त्याच अमरावतीच्या पहिलवानाशी पुन्हा जोड लावायची. साळा जिंकला तर प्रश्न मिटला. हरला तर मुकाट्यानं माती लावायची. "न या टायमाले बी तंटा केला," वस्ताद म्हणाले, "तं लंगोट खुंटीले."

साळा ते सांगायला मुद्दाम अमरावतीला आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "भाऊजी, या टायमाले तुमी समोर बसा. न फोटू काढा. फोटू तं खोटं बोलत नाही."

मला ते एकदम पटलं. मी पाहिलं म्हणजे माझं पाहणं, त्यात साळ्याचं नातं आलं. कॅमेऱ्याला कोणी साळा नसतो.

त्या दिवसापासून दंगलीपर्यंत सात आठवडे होते, आणि त्या सात आठवड्यांत मला स्वस्थता म्हणून मिळाली नाही. कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे पेटीचा कॅमेरा होता. तो मागून आणला. त्याला एकच कळ. दाबली की शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात उघडून मिटतं, असं त्याच्या कागदावर छापलेलं. मी मोजणीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माणूस तीन फुटांवरून पडला तर जमिनीपाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे चौदा फूट होतो. पंचविसाव्या भागात तो साडेसहा इंचांवर सरकतो. आणि भांडण होतं ते बोटाच्या पेराएवढ्या अंतराचं! पेटीत खांदा नव्हे, नुसता धूर आला असता.

मग मी अकोल्याला गेलो. जठारपेठेत एक वयस्कर स्टुडिओवाले होते, ते जुने कॅमेरेही विकत. त्यांनी दोन दाखवले. एक घडीचा, भात्यासारखा उघडणारा, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत जाणारा. दुसरा मोठा चौकोनी, आत आरसा, वर कातडी टोपरं, आणि पाचशेव्या भागात झडप पडणारी. वर्तमानपत्राच्या कोणा माणसाचा होता म्हणे. हातात घेतला तर पाच शेर वजन.

"शंभराव्या भागात किती सरकेल?" त्यांनी मला विचारलं. मी हिशेबाच्या वहीचं पान काढलं म्हणून चेष्टेनं.

"पावणेदोन इंचांच्या आत."

"न पाचशेव्यात?"

"इंचाचा तिसरा भाग."

"मंग मोठा घ्या."

"पण पाचशेव्या भागात उजेड किती शिरेल? पेटीच्या विसावा."

"भिंग मोठं आहे ना त्याचं."

"भिंग मोठं उघडलं तर पुढचं-मागचं धूसर होतं म्हणता. पहिलवान एका जागी थोडेच राहणार?"

ते हसले. "साहेब, फोटू काढाचा आहे का वावर मोजाचं आहे?"

मी काहीच न घेता परतलो. बडनेऱ्याला गाडी बदलताना वाटलं मोठाच घ्यायला हवा होता. अमरावतीला उतरेपर्यंत वाटलं बरं झालं नाही घेतला. दुसऱ्या दिवशी शेतात साखळीच्या कड्या मोजताना तीनदा चुकलो. असं माझं कधी होत नसे. त्या महिन्यात मी अकोल्याला तीन फेऱ्या केल्या. प्रत्येक वेळी मनाशी पक्कं ठरवून निघायचो आणि अकोल्याचं स्टेशन येईपर्यंत ते बदलायचं.

दुसऱ्या फेरीत स्टुडिओवाल्यांनी फिल्म कशी धुतात ते दाखवायला मला अंधाऱ्या खोलीत नेलं. आत लाल काचेचा दिवा होता. मी विचारलं, "फिल्मला उजेड लागला की ती खराब होते ना? मग हा दिवा कसा चालतो?"

"लाल उजेड तिले दिसत नाही," ते म्हणाले. मी ते वहीत टिपून घेतलं. तारखेसकट.

अखेर कॅमेरा ठरवला तो साळ्यानं. तिसऱ्या फेरीत मी त्याला दुकानात बरोबर नेलं आणि माझे सगळे आकडे ऐकवले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "भाऊजी, पडताना कोन पाह्यते? पाठ लागते का नाही, ते पडून झाल्यावर ठरते. वरचा दाबून राह्यते, खालचा मानेवर अंग तोलून पूल करून राह्यते. तवा दोघंई थांबतात. एक दोन तीन म्हना, येवढा टाइम."

मी वही मिटली. सात पानांचा हिशेब पडणाऱ्या माणसाचा होता. प्रश्न थांबलेल्या माणसाचा होता. शंभरावा भाग पुरून उरत होता. घडीचा कॅमेरा मी त्याच दिवशी घेतला आणि एका रोलमध्ये आठ फोटो येतात असे तीन रोल.

मग सराव. राजापेठेत रस्त्याच्या कडेला उभं राहून सायकलवाले टिपले. शाळेच्या मैदानात हुतूतू चालायचा तिथं गेलो. पांढऱ्या बनियनवरची पोरं, वर मोकळं आभाळ. बारा फुटांवरून हातापायाच्या कडा स्वच्छ आल्या. बारा फूट मी दोरी लावून मोजत असे. कॅमेऱ्यावर अंतर स्वतः लावायचं असतं, त्यात चूक झाली की सगळं गेलं. चित्र बघायची खिडकी अंगठ्याच्या नखाएवढी, तीही वरून वाकून बघायची, त्यात उजवं-डावं उलटं दिसायचं. ते अंगवळणी पडायला आठ दिवस गेले.

घरीही एक प्रयोग केला. मळ्यातून लाल भोपळा आला होता. आमच्याकडे त्याला कोहळं म्हणतात. तो चुन्याच्या भिंतीपुढे गोणपाटावर गडगडत सोडायचा आणि थांबता थांबता टिपायचा.

"आता कोहळ्याची कुस्ती लावता का?" बायको दारात उभी. "कोनाशी? दुधी आनू का?"

"जरा सावली पडते आहे. बाजूला हो."

"हो बाप्पा, पंच लोकाईच्या मधात कोन येते."

ती हसली. वर्षात पहिल्यांदा. तो फोटो धुऊन आला तेव्हा कोहळं तव्यासारखं काळं होतं, पण पांढऱ्या भिंतीवर त्याची कड सुईनं काढल्यासारखी. कड बघून मला इतका आनंद झाला की ते काळं का, हा प्रश्नच पडला नाही. सावलीत असेल, एवढंच मनात आलं.

दंगलीच्या दिवशी ऊन चांगलं होतं. साळ्याची कुस्ती साडेचारला लागली. वस्तादांनी मला हौद्याच्या अगदी कडेला जागा दिली होती. कुस्ती वीस मिनिटं चालली. मी रोल राखून ठेवला होता. चौदाव्या मिनिटाला एक फोटो, सोळाव्याला दोन. मग अमरावतीच्या पहिलवानानं आतून पाय घालून साळ्याला उचललं आणि माझ्यासमोर, डाव्या अंगावर आपटलं. डावा खांदा माझ्याकडे. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते बारा फुटांवर घडत होतं. साळ्यानं मान रोवून पूल केला. वरचा दाबत होता. मी खिडकीत वाकलो. नखाएवढ्या काचेत दोन काळसर आकृत्या. कळ दाबली, रोल फिरवला, पुन्हा दाबली, पुन्हा फिरवला, पुन्हा. मान वर केली तेव्हा पंचांचा हात वर गेला होता आणि अमरावतीकडचे लोक हौद्यात उड्या घेत होते.

साळा उठून उभा राहिला. वस्ताद काठावरून त्याच्याकडे बघत होते. साळ्यानं मातीकडे हात नेला नाही. तो माझ्याकडे बघत होता. सगळेच माझ्याकडे बघू लागले.

"काय भाऊजी?" वस्ताद म्हणाले. "टेकला?"

आणि मला कळलं की या वेळी सगळ्यांत चांगली जागा माझी होती आणि तरीही मी पाहिलं नव्हतं. मी काच पाहत होतो.

"फोटोत येईल," मी म्हणालो.

"आठ रोजात आना," वस्ताद म्हणाले. "तवापर्यंत तो वर."

रोल मी त्याच संध्याकाळी जठारपेठेत दिला आणि अमरावतीला आलो. ते सहा दिवस मला आठवतात ते चालण्याचे. घरातून अंगणात, अंगणातून घरात. बायको म्हणाली, "जमीन मोजून राहिले का?" एकदा वाटायचं टेकलेला नसणारच. एकदा वाटायचं, मग साळा लगेच का ओरडला नाही? मागच्या वेळी ओरडला होता.

सातव्या दिवशी स्टुडिओत गेलो. त्यांनी शेवटच्या तिन्हींतला त्यातल्या त्यात बरा फोटो पुढे ठेवला. वर आभाळ पांढरंफेक, त्याखाली प्रेक्षकांचे सदरे आणि टोप्या लख्ख. आणि खाली, फोटोच्या अर्ध्याहून जास्त भागात, काळं. त्या काळ्यात एक कान, एक लंगोटाची कड, दातांची रेघ. अंग कुठं संपतं आणि माती कुठं सुरू होते, ते शोधून सापडत नव्हतं.

"हलला का?"

"बिलकुल नाही. टोप्या पाहा, एकेक शिवण दिसते."

"मग?"

"हौद्यातली माती कोनती?"

मी उत्तर द्यायच्या आत मला उत्तर कळलं. आमचा सगळा मुलूख काळ्या मातीचा. आखाड्याला मात्र ती चालत नाही, चिकटते, भेगाळते. म्हणून तांबडी माती बाहेरून गाड्यांनी आणतात आणि वर्षानुवर्षं तेल-ताकावर पोसतात. कुस्ती रंगली की पहिलवानाच्या अंगाला तीच माती. तांबड्या मातीवर तांबडी झालेली दोन सावळी माणसं, वर साडेचारचं तांबूस ऊन, आणि माझी फिल्म तांबडं न पाहणारी.

"तांबडं दिसते अशी फिल्म मिळते साहेब, मुंबईहून मागवा लागते. तुमी इचारलं असतं तं मागवली असती." त्यांचा आवाज सौम्य होता. "तुमी सेकंद इचारले, फूट इचारले. रंग नाही इचारला."

लाल दिव्याची नोंद माझ्या खिशातल्या वहीत होती. तारखेसकट.

मी बराच वेळ बसून राहिलो असेन. कारण त्यांनी चहा मागवला, आणि नेगेटिव्ह काचेवर ठेवून कानावरची पेन्सिल हातात घेतली. "हे पाहा. माया रोजचाच धंदा आहे हा. देवीचे वण काढतो, नवरीचं नाक सरळ करतो. इथं खांद्याखाली एक बारीक रेघ ओढली का फट दिसते. कोनाले कळत नाही. खांदा टेकवू का उचलू, तेवढं सांगा."

मी लगेच नको म्हणालो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणालो, "रेघ कुठं येईल?"

त्यांनी पेन्सिलीचं टोक न टेकवता दाखवलं. अर्ध्या इंचाचीही नव्हती. तेवढी रेघ असती तर साळा मातीत उतरला असता, बायकोचं तोंड खुललं असतं, आणि माझा कॅमेरा सार्थकी लागला असता. मी नकाशावर तशा हजारो रेघा ओढल्या होत्या. सगळ्या मोजून.

"नको," मी म्हणालो. "आहे तसाच द्या."

पूल ओलांडून जुन्या शहरात आखाड्यावर पोचलो तेव्हा सकाळचा सराव संपत आला होता. साळा कठड्यावर बसला होता. मला बघून उठला, पण पुढे आला नाही. मी फोटो वस्तादांच्या हातात दिला.

त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, उलटा केला. "दोघं कुठं हायेत याच्यात?"

एक पहिलवान खांद्यावरून डोकावला. "भाऊजींनं अमोशेचा फोटू काढला रे!" सगळे हसले. मीही हसायला हवं होतं.

"या फिल्मला तांबडं दिसत नाही," मी म्हणालो. "हे मला एकानं आधी सांगितलं होतं. मी लक्षात घेतलं नाही. चूक माझी आहे. यातून काही ठरत नाही."

"न तुमच्या डोयानं?"

"माझे डोळे कॅमेऱ्यात होते. मी पाहिलं नाही."

वस्तादांनी फोटो मला परत दिला. साळ्यानं माझ्या हातातून तो घेतला आणि बराच वेळ बघितला. त्या काळ्यात तो एकटाच काहीतरी बघू शकत होता. मग त्यानं फोटो कठड्यावर ठेवला, वाकून हौद्यातली चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली.

"लागली," तो म्हणाला.

"अरे, पण फोटोत..."

"फोटूत नाही दिसत, भाऊजी. मले माहीत आहे. टेकला होता." तो माझ्याकडे न बघता वस्तादांशी बोलू लागला. "आठ रोज वाट पाह्यली का फोटू काय म्हनते. तुमी म्हनता तसा तंटा नव्हता कराचा. पन हात मातीपर्यंत जात नव्हता."

"न मांगच्या सालची?" वस्तादांनी विचारलं.

"ते नव्हती लागली."

मला वाटलं आता वस्ताद चिडतील. एक हार कबूल करून दुसरी नाकारायची, असं त्या आखाड्यात कोणी केलं नव्हतं. ते त्याच्या कपाळावरच्या मातीकडे बघत राहिले. बसलेल्यांपैकी कोणीतरी घसा खाकरला.

"मांगची म्या बी नाही पाह्यली," वस्ताद म्हणाले. "उतर."

साळ्याला ते एकदम कळलं नाही.

"उतर म्हनतो ना. वर्ष झालं बसून, मांड्या पाहा कशा झाल्या बाईवानी."

तो सदरा काढून खाली उतरला. ज्यानं अमावास्येची चेष्टा केली होती तोच त्याचा जोडीदार झाला. मी कठड्यावर, तो वर्षभर बसत होता त्याच्या शेजारच्या जागी बसलो. कॅमेरा पिशवीत होता आणि त्यात नवा रोल भरलेला होता. मी पिशवी उघडली नाही. परतीची गाडी सव्वाअकराला होती. साळ्याला जोडीदारानं चार वेळा पाडलं. त्यांपैकी तीनदा दोन्ही खांदे टेकले. चौथ्या वेळी डावा बोटभर वर होता. हे मी पाहिलं.